अटलांटिक ते पॅसिफिक, नद्या-कालव्यांतून: पॉवरबोटीची आखणी करताना या चुका टाळा

अमेरिकेचा नकाशा समोर पसरला की पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत निळ्या रेघा जुळवत जाणं फार सोपं वाटतं. न्यूयॉर्कहून हडसन, तिथून इरी कालवा, मग इरी, ह्युरॉन आणि मिशिगन ही तीन सरोवरं, शिकागोहून इलिनॉय नदी, मिसिसिपीचा छोटासा तुकडा, मिझुरी, आणि डोंगरापलीकडे स्नेक आणि कोलंबिया. पहिली चूक इथेच होते. या रेघा एकमेकींना जोडलेल्या नाहीत.

मिझुरीवर बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, चालतात ते आयोवातल्या सू सिटीपर्यंत, म्हणजे मुखापासून साधारण ७३५ मैल. त्याच्या वर गॅव्हिन्स पॉइंट, फोर्ट रँडल, बिग बेंड, ओआही, गॅरिसन आणि फोर्ट पेक अशी सहा मोठी धरणं आहेत आणि एकालाही लॉक (बोट वर-खाली नेणारी दारांची पाण्याची कोठी) नाही. मोंटानात ग्रेट फॉल्सपाशी आणखी पाच. मग रॉकी पर्वत. पॅसिफिकच्या बाजूने बोट आत येते ती आयडाहोतल्या लुइस्टनपर्यंत: ४६५ मैल, आठ लॉक. मधला सगळा प्रकार ट्रेलरचा आहे. एकही चाक न लावता किनारा ते किनारा जायचा हट्टच असेल तर फ्लोरिडाचा ओकीचोबी जलमार्ग आहे. अटलांटिकवरच्या स्टुअर्टहून मेक्सिकोच्या आखाताकडच्या फोर्ट मायर्सला, १५४ मैल आणि पाच लॉक. तोही प्रवास खराच आहे, फक्त खंड ओलांडल्याचं सांगता येणार नाही.

आधी बोट ठरवून मग मार्ग शोधणं

बहुतेकांकडे बोट आधीच असते आणि ते तिच्यासाठी मार्ग शोधतात. या प्रवासात उलटं करावं लागतं, कारण मार्गात अशा तीन-चार अडचणीच्या जागा आहेत ज्या बोटीची मापं ठरवून टाकतात.

उंचीचं बघा. इरी कालव्याच्या पश्चिम भागात पुलांखालची मोकळी जागा साडेपंधरा फूट आहे. बोट त्याहून उंच असेल तर ऑस्वेगो कालव्यामार्गे लेक ऑन्टारिओत जाऊन कॅनडाच्या वेलंड कालव्यातून इरी सरोवर गाठता येतं. तिथपर्यंतच्या पुलांखाली २१ फूट मिळतात. पण म्हणून सुटका होत नाही. शिकागोच्या खाली लेमाँटला एक न उघडणारा रेल्वेपूल आहे, त्याच्याखाली साडेएकोणीस फुटांच्या आसपासच जागा आहे आणि त्याला बगल देणारा दुसरा रस्ता नाही. उंची मोजताना कंपनीच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. अँटेना, रडार, दिवा सगळं बसवल्यावर, टाक्या रिकाम्या असताना, पाण्याच्या रेषेपासून फीत लावून मोजा. रिकामी बोट पाण्यात वर उठते, आणि पूल काही वर सरकत नाही.

रुंदीचा प्रश्न पाण्यात नाही, रस्त्यावर आहे. साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट ट्रेलरवर घातली की प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागतो. सहा धरणं चुकवायला सहा वेळा बोट पाण्याबाहेर काढायची, म्हटल्यावर हा त्रास परवडत नाही. खोलीचं म्हणाल तर गॅव्हिन्स पॉइंट धरणाखालचा ५९ मैलांचा टप्पा अजून मोकळ्या नदीसारखा वाहतो. वाळूचे दांडे आज इथे, उद्या तिथे. आणि हीच बोट लेक इरीच्या लाटांतही टिकायला हवी. लेक इरी सरासरी ६२ फूटच खोल आहे, त्यामुळे वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि त्या लांब लाटांपेक्षा जास्त हाल करतात.

या सगळ्यातून जे उरतं ते साधारण असं: २२ ते २६ फुटांची, साडेआठ फुटांच्या आत रुंद, बंद केबिनची बोट, मागे बाहेरून बसवलेली, उचलता येणारी आउटबोर्ड इंजिनं, आणि दुमडणारी अँटेना. मोठ्या बोटीत झोप छान लागते, हे मान्य. पण त्या बोटीचा प्रवास सू सिटीला संपतो.

शांत पाण्याच्या हिशोबाने इंधन धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. समजा तुमची बोट शांत पाण्यात ताशी २० मैलांनी चालते आणि एका गॅलनमध्ये दीड मैल जाते. मिझुरीच्या बांधलेल्या पात्रात ताशी ५ मैलांचा प्रवाह समोरून आला तर काठाच्या हिशोबाने तुम्ही १५ मैलच पुढे सरकता आणि गॅलनमागे सव्वा मैलही मिळत नाही. मग वाटतं, हळू जाऊ, इंधन वाचेल. तीच बोट ताशी ८ मैलांनी गॅलनला ३ मैल देते असं धरा. प्रवाह वजा केला की उरतात ताशी ३ मैल, आणि गॅलनमागे पुन्हा तोच आकडा: १.१२५. एक थेंब वाचला नाही, वेळ मात्र पाचपट गेला. सू सिटीपर्यंतच्या ७३५ मैलांना दोन्ही प्रकारे ६५० गॅलनच्या वर लागतात. फरक इतकाच की एका हिशोबात ४९ तास इंजिन चालतं, दुसऱ्यात २४५. प्रत्येक बोटीचा आकडा वेगळा येईल. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या बोटीचं वेगवेगळ्या वेगांचं खर्चाचं कोष्टक स्वतः करून घ्या, आणि मग प्रवाह वजा करून बघा.

मिझुरीवर पाण्याकाठचे इंधनाचे धक्के मोजके आहेत. म्हणजे कॅन आले, गावातल्या पंपापर्यंत चालणं आलं, किंवा काठाने गाडी घेऊन येणारा माणूस आला. ट्रेलर ओढायला तो माणूस लागणारच आहे, तर त्याला पहिल्या दिवसापासून आखणीत घ्या. आयत्या वेळी मित्राला फोन करून "जरा ट्रेलर घेऊन येतोस का, साउथ डकोटाला" असं म्हणता येत नाही. कॅन भरताना ते बोटीत ठेवून भरू नका, जमिनीवर टेकवून भरा. टाकीत एक तृतीयांश इंधन राखीव ठेवायचा जुना नियम इथे चैन नाही.

मिसिसिपीवरून मिझुरीत वळण्यापूर्वी ऑल्टनला टाक्या भरून घ्याव्यात. मिझुरीचं मुख मिसिसिपीच्या नकाशावर मैल १९५ ला आहे. ते चुकवून खाली गेलात तर मुख्य पात्रात चेन ऑफ रॉक्सचा खडकांचा बंधारा येतो. तिकडे जायचं नाही. खाली जाणाऱ्या बोटींसाठी बाजूचा कालवा आहे, तुम्हाला मात्र तिथवर जायची गरजच नाही.

तारखा उलट्या लावणं

इरी कालवा साधारण मेच्या मध्याला उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. कोलंबिया आणि स्नेकवरची लॉक सहसा मार्चमध्ये दुरुस्तीसाठी बंद असतात. रॉकीजचा बर्फ वितळून जूनमध्ये मिझुरी चढते आणि अख्खी झाडं वाहून आणते. पूर्वेकडून मेअखेर निघालात तर सरोवरं जूनमध्ये, मिझुरीचा खालचा भाग जुलैत, डकोटातले जलाशय ऑगस्टमध्ये आणि कोलंबिया सप्टेंबरमध्ये, असा क्रम जमतो. सरोवरांसाठी हवामानाचे मोकळे दिवस ठेवा. बसून काढलेला दिवस वाया गेला असं मानणारा माणूस लेक मिशिगनवर नको त्या सकाळी निघतो.

पश्चिमेकडून पूर्वेला जाण्यात मिझुरीचा प्रवाह पाठीशी मिळतो, म्हणून काही जण तेच सुचवतात. पण वाळूवर चढलात तर तोच प्रवाह आणखी वर ढकलतो. प्रवाहाविरुद्ध जाताना रुतलेली बोट पाणीच मागे सोडवतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने इंधन जास्त लागलं तरी चढाच्या दिशेने जावं, असं माझं मत.

शिंपल्यांची तपासणी विसरणं

ही गोष्ट आखणीच्या वहीत सहसा नसतेच. ग्रेट लेक्स आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात झेब्रा आणि क्वागा हे परके, उपद्रवी शिंपले पसरलेले आहेत. मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन या राज्यांत बोट ओढून नेणाऱ्या प्रत्येक गाडीला तपासणी नाक्यावर थांबणं कायद्याने बंधनकारक आहे. मोंटानात बाहेरून येताना तपासतात, आणि खंडाची पाणलोट रेषा (जिथून नद्या दोन समुद्रांकडे विभागतात) ओलांडून पश्चिमेला जातानाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयडाहोत ट्विन फॉल्सपाशी खुद्द स्नेक नदीतच क्वागा सापडले, त्यानंतर कुणी सवलत देईल अशी आशा नको.

तुमची बोट नेमकी त्याच पाण्यातून आलेली असणार. ती नाक्यावर नेण्याआधी तळ, इंजिनाचा खालचा भाग, ट्रेलरच्या फटी, नांगराचा दोर घासून धुवा. बोटीच्या तळात साचलेलं पाणी आणि माशांच्या टाकीतलं पाणी काढा. बुचं उघडी ठेवून वाळू द्या. इंजिनाच्या थंडाव्याच्या नळ्यांत पाणी राहतं, ते बहुतेक जण विसरतात. नाक्यावर १४० अंश फॅरनहाइटच्या गरम पाण्याने निर्जंतुक करतात. जिवंत शिंपला सापडला तर बोट अडकून पडते. या शिंपल्यांसारख्या परक्या प्रजातींसाठीचं आयडाहोचं स्टिकर वेगळं घ्यावं लागतं.

मोंटानातच आणखी एक: फोर्ट बेंटनखालचा १४९ मैलांचा संरक्षित टप्पा दिसायला अप्रतिम आहे, पण उन्हाळ्यात तिथे मोटरबोटींवर मोसमी निर्बंध असतात आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्यावर ते जास्त आवळतात. फोर्ट पेक जलाशयातच बोट बाहेर काढून थेट लुइस्टनला नेणं शहाणपणाचं.

लॉक आणि बार्ज

लॉकची भीती लोक गरजेपेक्षा जास्त बाळगतात. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (अमेरिकी लष्कराचं अभियंता खातं) लॉकवर हौशी बोटींकडून पैसे घेत नाहीत, पण रांगेत तुमचा नंबर शेवटचा असतो. व्यापारी बार्ज आधी. तासन्‌तास थांबावं लागलं तर वाद घालू नका, व्हीएचएफ रेडिओवर विचारा. दोर खुंट्याला गुंडाळून हातात धरायचा, गाठ मारायची नाही. कोलंबियावरच्या जॉन डे लॉकमध्ये पाणी शंभर फुटांहून जास्त उतरतं. तरंगता खुंटा अडकला आणि दोर बांधलेला असला तर बोट भिंतीला टांगली जाते. सुरी हाताशी ठेवा.

पंधरा बार्जचा ताफा जवळपास १२०० फूट लांब असतो. त्याला लगेच थांबता येत नाही आणि त्याच्या चालकाला पुढचं बरंच पाणी दिसतही नाही. रेडिओच्या चॅनल १३ वर बोलून कुठल्या बाजूने जायचं ते ठरवा. शिकागोखालच्या रोमिओव्हिलपाशी मासे अडवण्यासाठी पाण्यात वीज सोडलेली आहे: लाइफ जॅकेट घाला, थांबू नका, हात पाण्यात नको.

वाटेत अडलं तर

इंजिन तापल्याचा गजर वाजला की आधी वेग कमी करा आणि आउटबोर्डच्या मागून पडणारी पाण्याची धार बघा. धार बारीक असेल तर इंजिन बंद करून वर उचला. बहुधा पाणी घेण्याच्या जाळीला शेवाळ किंवा प्लास्टिक लागलेलं असतं. जाळी साफ असूनही धार नसेल तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र) गेला. मिझुरीचा गाळ तो लवकर झिजवतो, म्हणून जादा घेऊन निघा आणि बदलायची सवय घरीच करा.

अचानक थरथर सुरू झाली तर पंख्याला (प्रोपेलरला) लाकूड लागून पातं वाकलं आहे, किंवा मासेमारीची दोरी गुंडाळली आहे. तसंच रेटत नेऊ नका, सील जातं. जादा पंखा आणि त्याचा पाना बोटीत हवाच.

नकाशाच्या पडद्यावर तुमची बोट शेतातून चाललेली दिसली तर घाबरू नका, नदी सरकली आहे. नद्यांसाठी आर्मी कोअरचे नकाशे घ्या, किनाऱ्याचे आणि सरोवरांचे नोआ या सरकारी संस्थेचे. मैलही वेगळे: नदीवर आणि सरोवरांवर जमिनीचा मैल, समुद्रावर सागरी, जो १.१५ पट लांब. वाळूवर बसलात तर जोराने मागे घेऊ नका, इंजिन वाळू ओढतं. इंजिन उचला, वजन हलवा, लांब नांगर टाकून ओढा.

शेवटचे मैल

कोलंबियाच्या गॉर्जमध्ये, म्हणजे खोल घळीत, उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा प्रवाहाला समोरून भिडतो आणि नदीत समुद्रासारख्या लाटा उठतात. पहाटे निघून दुपारआधी धक्क्याला लागा. नदीच्या मुखाजवळच्या अस्टोरिया गावापुढचा बार, म्हणजे मुखावरचा वाळूचा दांडा, तर आणखी वेगळा. ओहोटीचं पाणी आणि पॅसिफिकची लाट तिथे समोरासमोर येतात. तटरक्षक दलाने बार बंद केला की छोट्या बोटींना जाता येत नाही, आणि उघडा असला तरी ओहोटीत जायचं नाही. अस्टोरियाला थांबलात तरी किनारा गाठलाच. ट्रेलरवाल्याला तिथली पक्की तारीख मात्र आधीपासून देऊन ठेवू नका; गॉर्जचा वारा दोन-तीन दिवस सहज खातो.