मंडळाचा इतिहास लिहायचाय? आधी चित्रं उलटी करा

आमचं रविवारचं चित्रमंडळ नोंदवायचं ठरलं आणि इतिहास-उद्देश लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, म्हणजे रिकामटेकडाच! कोल्हापुरात चित्रकलेवर लिहायला बसलं की पेन आपसूक इथले जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्याकडे वळतं. मीही पानभर तेच लिहिलं. पण आबालाल १९३१ साली गेले. आमच्या चहाच्या वर्गणीशी त्यांचा काय संबंध? ते पान फाडलं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची आहे, तिनं शंभर पानं लिहावीत. तुम्ही तुमच्या पहिल्या रविवारापासून सुरू करा.

तो रविवार कुठला, यावरच भांडण होतं. आमच्यात एक दादा म्हणायचे मे महिन्याची सुट्टी, दुसरे मामा म्हणायचे गणपतीच्या आसपास. अशा वेळी आठवणींवर मतदान घेऊ नका. सगळ्यांना जुनी चित्रं आणायला सांगा आणि ती उलटी करून बघा. मामांनी बॉलपेननं काढलेला, रंकाळा तळ्यातला संध्यामठ आणला. चित्राखाली पहिल्या रविवारच्या चौघांच्या सह्या, तारीख मात्र नाही. पण कागद होता शाळेच्या वार्षिक परीक्षेची उरलेली प्रश्नपत्रिका, त्यावर वर्ष छापलेलं. म्हणजे त्या परीक्षेच्या आधीचं चित्र नाही, एवढं नक्की. आणि मठाचे खांब अर्धे पाण्यात. भर उन्हाळ्यात तळं उतरतं, मठ उघडा पडतो. दादा गप्प झाले. जे असं सिद्ध होत नाही, तिथं सरळ ‘सदस्यांच्या आठवणीप्रमाणे’ लिहा.

नोंदणीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात; आपल्याकडे सोबत १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्या, त्यात हुशारी नको.

उद्देश मात्र स्वतः लिहा. नमुन्यातलं ‘कलेचा प्रचार, प्रसार व संवर्धन’ आम्ही आधी जसंच्या तसं उतरवलं होतं. ते वाचून रविवारी सकाळी नेमकं काय करायचं, ते कुणालाच सांगता येईना. मग गेल्या वर्षभरात खरोखर काय केलं, तेवढंच मांडलं : दर रविवारी उघड्यावर बसून चित्र काढणे, नवख्याला पहिला कागद आणि पेन्सिल मंडळाची, वर्षातून एकदा सगळ्यांची चित्रं, निवड न करता, भिंतीवर. वेळ आणि जागा उद्देशात घालू नका, त्या नियमावलीत ठेवा. उद्देश बदलायचा तर सभेत तीन पंचमांश मतं लागतात आणि महिन्याभरानं दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढीच. चहाची टपरी हलली म्हणून एवढा खटाटोप कोण करणार?

आमच्या नियमावलीत आणखी एक ओळ आहे : ‘विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कागदावर हात चालवू नये.’ ती माझ्यामुळे आली. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेची मुलं शिकवून शिकवून हात शिवशिवतो. एका नव्या मुलीच्या पिंपळाला मी तिच्या देखत, तिला न विचारता, फोर-बी या गडद पेन्सिलनं दणदणीत सावली दिली. ती दोन रविवार फिरकली नाही. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा मसुदा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, काय राहिलंय ते लिही. ती ओळ तिच्या अक्षरात आहे.