मुलगा सोल्युशन ओढतोय असा संशय आला तर

मी नववी-दहावीला गणित शिकवते. शाळाशाळांत गांजा-चरसवर भाषणं होतात, पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हाती बऱ्याचदा आधी येते ती सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्युशनची, म्हणजे रबर चिकटवायच्या द्रवाची ट्यूब. तो रुमालावर किंवा पिशवीत ओतून पोरं वाफ हुंगतात. स्वस्त, कुठेही मिळणारी. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली आलं. त्यात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली नशा ही एवढीच. म्हणून आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

संशय आला तर आधी खिशातला रुमाल हातात घ्या. सोल्युशन वाळून कापड जागोजागी कडक झालेलं असतं, आणि धुतलं तरी रंगाच्या डब्यासारखा वास मागे राहतो. दप्तरात दुधाची रिकामी पिशवी कशाला, हे विचारा. तिच्या आत पिवळट पापुद्रा असेल तर समजून जा. नाकाखाली, ओठांच्या कडेला पुरळ येतं. मी मात्र वहीकडे बघते. समीकरण पायरी-पायरीने सोडवणारा मुलगा पहिली ओळ बरोबर लिहितो आणि दुसऱ्या ओळीत उजवीकडचा आकडाच गायब होतो. सूत्र त्याला येत असतं, पण दोन ओळींच्या मधे लक्ष टिकत नाही. सोल्युशनमधलं टोल्युइन नावाचं रसायन थेट मेंदूत जातं आणि तिथल्या तंतूंवरचं आवरण खराब करतं. पुढे मधल्या सुट्टीनंतर तो वर्गात दिसेनासा होतो, जुने मित्र तुटतात, घरातले सुटे पैसे कमी भरू लागतात. यातली एखादीच गोष्ट दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका. या वयात पोरं चिडचिडी असतातच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलगा नशेत सापडला तर त्याच्या मागे धावू नका, अंगावर ओरडू नका, हात उगारू नका. या वाफांनी हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात एकदम दचकला किंवा पळाला तर हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं, अगदी पहिल्यांदाच घेतलं असलं तरी. वडील पट्टा काढतात ती हीच वेळ असते, आणि त्यांना आवरणं घरातल्या बाकीच्यांचं काम आहे. शांतपणे पिशवी काढून घ्या, खिडक्या उघडा, जवळ काडी पेटवू नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. हाकेला ओ देत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर १०८ लावा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.

बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, पूर्ण शुद्धीत असताना. आई, मामा, आत्या, ज्याचं तो ऐकतो त्याने बोलावं. ‘कोणी दिलं, नाव सांग’ हा प्रश्न आधी विचारला की तोंड मिटतं. त्याऐवजी विचारा, ‘कधी घ्यावंसं वाटतं?’ दुपारी शाळा सुटल्यापासून आई कामावरून येईपर्यंत घर रिकामं असतं, असं काहीतरी निघेल. मग ते दोन-तीन तास भरायचे: मैदान, काकाचं दुकान, शेजारच्या आजीकडे अभ्यास. शाळेतून मात्र काढू नका. शाळा कायमची सुटली की त्याच्याकडे उरतो तो फक्त नशेच्या सोबत्यांचा कट्टा.

सोल्युशनऐवजी गोळ्या सापडल्या तर वेगळी काळजी घ्यावी लागते. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात, ती अल्प्राझोलम, म्हणजे डॉक्टर चिंता कमी करायला देतात ते गुंगीचं औषध. रोज घेणाऱ्याला खोलीत कोंडून ती एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, लहान मुलांसाठी १०९८. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. कुठल्याही केंद्रात ठेवण्याआधी विचारा: अठराच्या आतली मुलं मोठ्यांपासून वेगळी ठेवता का? मानसोपचारतज्ज्ञ येतात का? आम्हाला भेटू द्याल का? उत्तर टाळलं तर दुसरं केंद्र बघा. ‘नकळत जेवणात घाला, व्यसन सुटेल’ अशा पुड्यांवर एक रुपया घालवू नका. सोल्युशनची सवय मोडणारी गोळी नाही. समुपदेशन आणि घरच्यांची सोबत हाच उपचार.

पोलिसांच्या भीतीने काही आईवडील गप्प बसतात. पण बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ चा रोख पुरवणाऱ्यावर आहे: मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

आणि तो पुन्हा घेईल, हे धरून चाला. घेतलं तर एका वहीत तारीख लिहा, त्या दिवशी काय घडलं होतं तेही लिहा: भांडण, पेपर, कोणाचा फोन. ती वही समुपदेशकाकडे न्या. वर्गशिक्षकांनाही सांगा, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर बाक रिकामा दिसला की त्याच मिनिटाला तुम्हाला फोन येईल.