शेततळ्यात पोहणारा रोबोट मासा

वाम सगळं अंग वळवत पोहते, रोहू मागचा अर्धा भाग हलवतो, ट्यूनाची मात्र जवळजवळ शेपटीच काम करते. रोबोट मासा पहिल्यांदा करताय तर ट्यूनाची चाल घ्या. एक सांधा आणि एक सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) पुरतो.

६३ मिमी पीव्हीसी पाइपचा ३० सेंमी तुकडा घ्या. मागची कॅप सोल्व्हेंटने कायमची बसवा, पुढे टेफ्लॉन गुंडाळून आट्यांचं झाकण लावा. आत १८६५०चे (गोल लिथियम-आयन) दोन सेल सिरीजमध्ये, ६ व्होल्टवर लावलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) आणि आर्डुइनो नॅनो (सर्व्होला हुकूम देणारा छोटा बोर्ड). सर्व्होच्या पॉवर लाइनवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. नाहीतर शेपटीला जोर लागला की व्होल्टेज पडतं आणि नॅनो रिसेट होतो. एमजी९९६आर सर्व्हो मागच्या कॅपवर बाहेरून बसवा. त्याच्या गिअरमध्ये ग्रीस भरा, सांध्यांना सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं.

खरी गळती वायरमधून होते. बारीक तारांच्या फटींतून पाणी इन्सुलेशनच्या आतून चढतं, वरून कितीही एम-सील थापा. सर्व्होची वायर कॅपच्या भोकातून आत जाते त्या जागी १ सेंमी वायर सोलून तिथे सोल्डर मुरवा आणि मगच एम-सील भरा.

दुसरी गोम आपल्याकडच्या उन्हाची. ४२ अंशांत झाकण आवळलं आणि मासा २७ अंशांच्या पाण्यात सोडला, तर आतल्या हवेचा दाब सुमारे ५ टक्के उतरतो. म्हणजे अर्धा मीटर पाण्याइतकी ओढ, पृष्ठभागावरच! झाकण सकाळी सावलीत लावा. आत पाणी शिरलंच, तर ते सेल पुन्हा चार्ज करू नका.

एवढा पाइप सुमारे ९३० मिली पाणी सारतो, म्हणून वजनही जवळपास तेवढंच ग्रॅम लागतं. जोड-झाकणांचं थोडं वेगळं. नट-बोल्ट तळाशी, पुढच्या बाजूला भरा. हौदात पाठ जेमतेम वर दिसली की थांबा.

शेपटी फाइलच्या लवचिक प्लास्टिकची कापा. दोन्हीकडे ३० अंश, सेकंदाला एक-दीड फेरी. जास्त वेग दिला तर सर्व्हो टोकापर्यंत पोचतच नाही. पुढे न जाता डोकंच डुलत असेल, तर वजन आणखी पुढे सरकवा आणि पोटाखाली उभी पट्टी चिकटवा.

हौदात तासभर कोरडा राहिला, तरच शेततळ्यात न्या. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्याखाली चालत नाही, म्हणून माशाला नायलॉनची दोरी बांधा. शेततळ्याच्या कागदावरून पाय सटकतो आणि वर येता येत नाही. मासा अडकला तर दोरीने ओढा, त्याच्यासाठी कुणी आत उतरू नका.