कमी साधनांत शिक्षक प्रशिक्षणाचा आराखडा कसा करावा

तालुका पातळीवर प्रशिक्षण घेण्याचे पत्र हाती पडले की पहिली चौकशी सभागृहाची होते, दुसरी प्रोजेक्टरची आणि तिसरी चहा-नाश्त्याची. शिक्षकांना नेमके काय करता यायला हवे, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि तोवर निम्मा निधी ठरून गेलेला असतो. नागपूर जिल्ह्यात प्रशिक्षणे आखताना मी स्वतः ही चूक केली आहे, म्हणून ती टाळण्याची एक रीत येथे मांडतो.

आपल्याकडे पैसा कमी असतो हे खरेच, पण त्याहून दुर्मीळ असतो तो शिक्षकाचा दिवस. चाळीस शिक्षकांना दोन दिवस, रोज पाच तास बसवले, तर ४०० तास खर्ची पडतात. शिवाय द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणाला आला की उरलेल्या एकाला सगळे वर्ग सांभाळावे लागतात, आणि हा खर्च कोणत्याही देयकात दिसत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. त्या ५० तासांतले किती तास आपण मागतो आहोत आणि त्यांच्या बदल्यात काय देणार आहोत, हे कागदावर लिहूनच कामाला लागावे.

अनुदेशन रचनेची, म्हणजे शिकवण्याची पद्धतशीर आखणी करण्याची, प्रारूपे येथे उपयोगी पडतात, कारण काय वगळावे हे ठरवायला ती मदत करतात. त्यांतले सर्वांत परिचित प्रारूप म्हणजे ॲडी (ADDIE). विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन असे त्याचे पाच टप्पे आहेत आणि त्याची मुळे १९७५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामात आहेत. लष्कराकडे मनुष्यबळ असते, छपाई असते आणि हुकूम सोडला की माणसे हजर होतात. गटसाधन केंद्राकडे, म्हणजे शिक्षकांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्राकडे, यांतले फारसे काही नसते. म्हणून ॲडीचा क्रम घ्यावा, पसारा घेऊ नये. तयारीला दहा दिवस मिळाले तर त्यांतले चार मी विश्लेषणाला देतो, तीन आराखड्याला आणि उरलेले तीन साहित्याला. सुरुवातीला ही विभागणी अनेकांना उलटी वाटते.

विश्लेषण म्हणजे ‘आपणास कोणते प्रशिक्षण हवे आहे?’ असा फॉर्म भरून घेणे नव्हे. त्या प्रश्नाला संगणक, इंग्रजी संभाषण, ताणतणाव व्यवस्थापन अशी ठरावीक उत्तरे येतात आणि वर्गातली अडचण तशीच राहते. त्याऐवजी मुलांच्या वह्या पाहाव्यात. दहा शाळांमधून तिसरीच्या प्रत्येकी पाच मुलांच्या गणिताच्या वह्यांची दोन-दोन पाने व्हॉट्सॲपवर मागवावीत. पन्नास मुलांची ही पाने दोन माणसे एका दुपारी तपासू शकतात. मुलांची व शिक्षकांची नावे मात्र झाकून घ्यावीत, नाहीतर चौकशी चालू असल्याचा समज पसरतो आणि पुढच्या वेळी फक्त सुवाच्य वह्यांचीच छायाचित्रे येतात. आता समजा, ५२ वजा २७ चे उत्तर अनेक वह्यांत ३५ आले आहे. मुलाने एककात दोनातून सात वजा करण्याऐवजी सातातून दोन वजा केले. म्हणजे त्याची वजाबाकी पक्की आहे, पण दशक सुटा करून दहा एकक मिळवायचे असतात ही कल्पना त्याच्याकडे पोचलेली नाही. एवढे कळले की ‘गणित अध्यापन’ हा अवाढव्य विषय आटोपून ‘हातच्याची वजाबाकी’ एवढा उरतो.

याच टप्प्यावर आणखी एक गाळणी लावावी. ही अडचण प्रशिक्षणाने सुटणारी आहे का? शिक्षकाला काड्या-गठ्ठ्यांनी शिकवता येत असेल आणि शाळेत काड्याच नसतील, तर उत्तर प्रशिक्षणात नाही, साहित्यात आहे. कामठीच्या एखाद्या वर्गात घरी हिंदी किंवा उर्दू बोलणारी मुले असतात, जबलपूर रस्त्यावरच्या देवलापार परिसरात गोंडी बोलणारी असतात. तेथे ‘हातचा’ हा शब्दच अडतो, आणि तेव्हा गणितापेक्षा भाषेचा विचार आधी करावा लागतो.

त्यानंतर उद्दिष्ट लिहावे. रॉबर्ट मॅगर यांनी १९६२ साली मांडलेली तीन अंगे, म्हणजे कृती, परिस्थिती आणि निकष, आजही पुरेशी आहेत. ‘शिक्षकांना हातच्याच्या वजाबाकीची संकल्पना समजेल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘काड्या व गठ्ठे हाती असताना शिक्षक दशक सुटा करण्याची कृती दहा मिनिटांत सहकाऱ्यांसमोर करून दाखवतील आणि मुलाच्या चुकीच्या उत्तरामागचे कारण पाचपैकी चार उदाहरणांत ओळखतील’ हे तपासता येते. एका दिवसाला अशी दोन उद्दिष्टे खूप झाली. वरून आलेल्या पत्रात आठ विषय असतील तर सहा विषयांची वाचनपत्रे द्यावीत आणि वेळ उरलेल्या दोन विषयांनाच द्यावा. सगळ्यांना दहा-दहा मिनिटे वाटून कोणाचेच समाधान होत नाही.

सत्राची रचना करताना रॉबर्ट गॅन्ये यांच्या नऊ अनुदेशन घटना, म्हणजे शिकवताना घ्यायच्या नऊ पायऱ्या, डोळ्यांपुढे ठेवाव्यात, पण पाऊण तासात नऊही बसवण्याचा अट्टहास धरू नये. लक्ष वेधणे आणि उद्दिष्ट सांगणे पाच मिनिटांत एकत्र उरकता येते. पूर्वज्ञान जागे करणे, प्रत्यक्ष करायला लावणे आणि लगेच प्रत्याभरण (कसे जमले ते सांगणे) देणे या तिन्हींना मात्र कात्री लावू नये. व्यवहारात नेमके उलटे घडते: उद्घाटन लांबते, व्याख्यान लांबते आणि ‘वेळेअभावी’ सराव गळतो. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की सिद्धान्त, प्रात्यक्षिक, सराव आणि प्रत्याभरण यांच्या जोडीला वर्गात जाऊन केलेले मार्गदर्शन नसेल, तर शिकलेले फारसे वर्गापर्यंत पोचत नाही.

म्हणूनच माझा आग्रह असा की सलग दोन दिवस घेऊ नयेत. पहिला पूर्ण दिवस घ्यावा, मग तीन आठवडे जाऊ द्यावेत, त्यानंतर केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जोडून अर्धा दिवस घ्यावा आणि उरलेला अर्धा दिवस शिक्षकांनी जोडीने एकमेकांचे वर्ग पाहण्यासाठी ठेवावा. तास तेवढेच लागतात. मधल्या तीन आठवड्यांत शिक्षकाने कृती करून पाहिलेली असते, त्यामुळे दुसऱ्या बैठकीत तो खरे प्रश्न घेऊन येतो. दुसऱ्याचा वर्ग पाहायला गेलेल्या शिक्षकाचा तास कोण घेईल हे केंद्रप्रमुखांशी आधी बोलून ठरवावे.

ठिकाण शहरात नसावे. नरखेड किंवा भिवापूरच्या बाजूने नागपुरात यायचे म्हणजे जाण्या-येण्यातच तीन-चार तास जातात आणि साडेअकराला सुरू झालेले प्रशिक्षण साडेतीनलाच मनाने संपते. एखादी बरी केंद्रशाळा निवडावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना पत्र्याच्या खोलीत दुपारचे सत्र ठेवणे निरर्थक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो घटक वर्गात शिकवायला घेण्याच्या साधारण दोन आठवडे आधीची तारीख धरावी. उन्हाळ्यात शिकलेली वजाबाकी, विदर्भात उशिरा उघडणाऱ्या शाळेत ऑगस्टपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

साहित्याचा खर्च खाली आणणे सर्वांत सोपे. चार जणांचा एक गट धरला तर चाळीस शिक्षकांचे दहा गट होतात. प्रत्येक गटाला दहाच्या दहा जुड्या, म्हणजे एकूण हजार काड्या लागतात. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या कापून रबरबँडने बांधल्या की झाले. हेच साहित्य शिक्षक दुसऱ्या दिवशी शाळेत स्वतः बनवू शकतो, हा त्याचा मोठा गुण. इतवारीतून आणलेली चकचकीत संख्यापेटी कपाटात कुलूपबंद होते. साठ पानांच्या घटकसंचाऐवजी (प्रशिक्षणाच्या पुस्तिकेऐवजी) पाठपोट एक पान छापावे: पुढे कृतीच्या पायऱ्या, मागे वह्यांतल्या पाच चुका आणि त्यांची कारणे. दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरील चित्रफीत दाखवायची असेल तर ती आदल्या दिवशी उतरवून घ्यावी. एका प्रशिक्षणात आम्ही नेटवर विसंबलो होतो. पाऊण तास पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले आणि शेवटी तर्री-पोह्यांची सुट्टी लवकर द्यावी लागली.

राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीने प्रशिक्षण खाली येते तेव्हा प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते. जे गळते ते बहुधा सराव असते, कारण व्याख्यान सादरीकरणासोबत पुढे देता येते, सराव देता येत नाही. सुलभकांना, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या गटाचे सत्र चालवणाऱ्यांना, सादरीकरणाऐवजी मिनिटांनुसार लिहिलेली संहिता द्यावी आणि तिच्यात ‘येथे बोलणे थांबवून काड्या वाटाव्यात’ असे स्पष्ट लिहावे. सुलभकाने ती कृती आपल्या सहकाऱ्यांसमोर एकदा तरी केल्याशिवाय त्याला गट देऊ नये.

मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ सालच्या मांडणीतील चार पातळ्या घ्याव्यात: प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. प्रतिक्रियेचा फॉर्म तीन प्रश्नांत संपवावा, कारण ‘प्रशिक्षण कसे वाटले’ याला जेवणानंतर सगळेच ‘उत्कृष्ट’ लिहितात. अध्ययन त्याच दिवशी, पाच चुकीची उत्तरे देऊन तपासावे. वर्तनासाठी सर्व शाळा पाहणे शक्य नसते. वीसपैकी सहा शाळा चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि निरीक्षणपत्रात दोनच गोष्टी पाहाव्यात, काड्या मुलांच्या हातात होत्या का आणि चुकीच्या उत्तरावर शिक्षकाने कारण विचारले का. परिणामासाठी सहा आठवड्यांनी सुरुवातीच्याच दहा शाळांमधून तशीच पाने पुन्हा मागवावीत आणि ३५ हे उत्तर किती वह्यांत उरले ते मोजावे. मुले एवढ्या काळात एरवीही थोडे शिकतातच, त्यामुळे सगळा फरक आपल्या खात्यावर जमा करू नये. मात्र फरक काहीच नसेल, तर पुढच्या तुकडीला बोलावण्याआधी आराखडा पुन्हा उघडावा आणि शंका आधी सरावाच्या सत्रावर घ्यावी.