फोल्डर डिलीट होत नाही? मग या चुका टाळा

विंडोजमध्ये डिलीट दाबल्यावर एक खिडकी उघडते. ती न वाचताच बरेच जण ‘ट्राय अगेन’ दाबत बसतात आणि शेवटी नेटवरून एखादं ‘अनलॉकर’, म्हणजे अडकलेल्या फाइली सोडवणारं सॉफ्टवेअर, उतरवतात. पहिली चूक हीच. अडचण नेमकी काय आहे ते त्या खिडकीत लिहिलेलं असतं आणि प्रत्येक अडचणीचा उपाय निराळा असतो.

‘दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे’

सगळ्यात जास्त दिसणारा संदेश हा. ‘मी तर सगळं बंद केलंय’ असं आपल्याला वाटतं, पण फोल्डर धरून ठेवणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर असेलच असं नाही. कमांड प्रॉम्प्टची खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी असली, तर आत काहीही चालू नसलं तरी फोल्डर अडकतो. एक्सप्लोररचा प्रिव्ह्यू पेनही (निवडलेल्या फाइलची झलक दाखवणारा बाजूचा भाग) फाइल धरून बसतो. ऑल्ट आणि पी दाबून तो बंद करा. क्लाउडशी सिंक करणारा प्रोग्रॅम चालू असेल, तर त्याला थोडा वेळ थांबवा.

तरीही अडलं तर अंदाज बांधू नका. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, ‘सीपीयू’ टॅबवर जा आणि ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फोल्डरचं नाव टाका. कोणती प्रोसेस फोल्डर धरून आहे ते यादीत दिसतं. तो प्रोग्रॅम शक्यतो नेहमीच्या पद्धतीनेच बंद करा. ‘एंड प्रोसेस’ केलंत तर सेव्ह न केलेलं काम गेलंच म्हणून समजा. यादीत एक्सप्लोरर असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट-क्लिक करून ‘रीस्टार्ट’ द्या. ‘सिस्टिम’ असं नाव दिसलं, तर फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला आहे का आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर कोणी तो उघडलाय का, ते आधी बघा.

एवढं करूनही जमलं नाही, तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा ‘रीस्टार्ट’ निवडा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’मध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर पूर्णपणे नव्याने सुरू होत नाहीत.

परवानगीचा घोळ

संदेश परवानगी नसल्याचा असेल, तर प्रॉपर्टीजमधली ‘रीड-ओन्ली’ची खूण काढत बसण्यात अर्थ नाही. फोल्डरच्या बाबतीत ती चौकट फक्त आतल्या फाइलींना लागू होते आणि तिथे भरलेला चौकोन दिसणं नेहमीचंच आहे.

जुन्या हार्ड डिस्कवरच्या फोल्डरचा मालक बहुधा आधीच्या विंडोजमधलं खातं असतं. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जाऊन ‘ओनर’समोरच्या ‘चेंज’वर क्लिक करा, आपल्या खात्याचं नाव टाका आणि आतल्या सगळ्या फोल्डर-फाइलींचा मालक बदलण्याच्या चौकटीत खूण करा. इथेच थांबणं ही दुसरी चूक. मालकी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ओके करून खिडकी बंद करा, पुन्हा उघडा आणि आपल्या खात्याला ‘फुल कंट्रोल’ द्या.

मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ दिसला तर मात्र हात लावू नका. तो विंडोजचा स्वतःचा फोल्डर आहे. ‘विंडोज.ओल्ड’, म्हणजे आधीच्या विंडोजचा फोल्डर, काढायचा असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेजमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’मधून काढा. मात्र त्यानंतर आधीच्या विंडोजवर परतता येत नाही.

नावाची भानगड

फोल्डरात फोल्डर रचत गेल्यावर पूर्ण मार्ग (पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतची सगळी नावं) २६० अक्षरांच्या मर्यादेला भिडतो आणि एक्सप्लोरर हात टेकतो. मधल्या फोल्डरांना एकेका अक्षराचं नाव द्या, किंवा सगळ्यात आतला फोल्डर कट करून त्याच ड्राइव्हच्या मुळाशी आणा. संदेश फक्त रीसायकल बिनबद्दल असेल तर शिफ्ट-डिलीट पुरतं, पण तो फोल्डर मग बिनमधून परत मिळत नाही.

फोल्डर समोर दिसतोय आणि विंडोज म्हणतंय ‘सापडत नाही’? आधी एफ५ दाबा. तरी तो तिथेच असेल, तर नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आरडी /एस’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत लिहा आणि पुढे अवतरणचिन्हांत पूर्ण मार्ग द्या. मार्गाच्या सुरुवातीला \\?\ हवंच, आणि शेवटचं टिंब किंवा जागाही जशीच्या तशी हवी. एंटर दाबण्याआधी मार्ग अक्षर न् अक्षर तपासा, कारण इथून गेलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही.

‘करप्टेड’ असा शब्द दिसला, तर बिघाड डिस्कच्या फाइल सिस्टिममध्ये आहे. लगेच दुरुस्ती चालवू नका. आधी कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’ टॅबवरचं ‘चेक’ दाबा. ती तपासणी पूर्ण झाल्यावरच फोल्डर पुन्हा डिलीट करून बघा.