पावसाळाभर उभी असलेली गाडी सुरू होत नाही? या चुका टाळा

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत दरवर्षी हेच. कोणी बोटीवरनं सुटीवर आलेला, कोणी दुबईहून, आणि मे महिन्यात कव्हर घालून ठेवलेली गाडी आता माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचं, सामान आणायला हवी. चावी फिरवली की टक टक टक. मग परत चावी, परत टक टक, आणि बॅटरीत जो काय जीव उरलेला असतो तोपण असाच संपतो.

पहिली चूक हीच, ऐकायच्या आधी सेल्फ (स्टार्टर) मारत सुटणं. गाडी काय बिघडलंय ते आवाजावरनं बऱ्यापैकी सांगते. भराभर टक टक येतंय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत तर बॅटरी उतरलीय, दिवे एकदम लख्ख पण एकच जोरात 'ठक' तर बॅटरीचं टर्मिनल (वायर जोडतात ते टोक) नाहीतर स्टार्टर बघा, आणि काहीच आवाज नाही पण चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय तर गाडी तुमची चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. बटण स्टार्टवाली असेल तर रिमोटचा सेल बदला, महागडं काही नसतं त्यात. सेल्फनं इंजिन नीट फिरतंय पण पकडत नाही, म्हणजे चालू होत नाही, हा प्रकार वेगळा, त्यावर खाली येतो.

बॅटरीवर व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.४ ठीक, १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण सरळ नवीन बॅटरी आणायला पळू नका! आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरते आणि करंट पुढे जातच नाही. आधी मायनस काढा, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं घासा, पूर्ण सुकवा, आधी प्लस मग मायनस घट्ट आवळा. निम्म्या गाड्या इथेच सुरू होतात असं माझं मत.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरनं सुरू करायला जंपर केबल लावताना प्लसला प्लस, मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतनं हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे नको. ढकलून सुरू करायचा आग्रह सोडा. ऑटोमॅटिक तर तशी होतच नाही, आणि नवीन पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो, त्याची किंमत ऐकाल तर जंपर केबल फुकट वाटेल.

आता फिरतंय पण पकडत नाही. पेट्रोल गाडीत इग्निशन ऑन करा, सेल्फ नको, मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद 'गूं' आवाज यायला हवा. नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. आला तर ऑन-ऑफ दोनतीनदा करून मग सेल्फ, दहा सेकंदाच्या वर नाही, मध्ये मिनिटभर थांबा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, टाकी अर्धी रिकामी ठेवून गेलात तर जास्त, पाणी फार झालं की ते तळाला वेगळं होतं आणि पंप तेच आधी उचलतो. मग टाकी रिकामी करण्याशिवाय इलाज नाही. डिझेलवाल्यांनी डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढावं आणि डिझेल लाइनवरच्या छोट्या हँडपंपानं हवा काढावी.

आणि हो, उंदीर! हे सगळं करायच्या आधीच बॉनेट उघडा खरं तर. एअर फिल्टरच्या डब्यात सुकी पानं नि काथ्याचं घरटं आणि कुरतडलेली वायर, हे पावसात शेडमध्ये उभ्या गाडीचं नेहमीचं. इन्सुलेशन गेलेल्या वायरवर सेल्फ मारलात तर शॉर्ट होऊन भलताच खर्च, वास आला तर लगेच बंद. शेडमध्ये पाणी शिरलं असेल तर चावीला हातच लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

सुरू झाली पण हलत नाही? हँडब्रेक ओढून ठेवला होता, मागचे ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटलेत. एक्सलेटर दाबून ओढू नका, हळूच पुढे-मागे करा, नाही सुटलं तर चाक काढून ड्रमवर हातोडीनं हलकं ठोकावं लागतं. पुढच्या वेळी गिअरमध्ये ठेवा नि चाकाला दगड लावा.

घरच्यांना "आठवड्याला पाच मिनटं चालू करा गो" सांगून जाणंपण चुकीचं, सेल्फनं खाल्लेला करंट तेवढ्यात भरत नाही. त्यापेक्षा दहाचा पाना घ्या, मायनस टर्मिनल काढून ठेवा, फक्त त्याआधी चावी गाडीबाहेर आहे ना बघा. आणि म्हापशाला निघायच्या आधी टायरची हवा, ब्रेक, विमा आणि पीयूसीची तारीख तपासा, उभ्या गाडीचेपण कागद संपतात.