विशेष साधने लागणाऱ्या जिओकॅशची श्रेणी कशी ठरवावी

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी (जिओकॅश) जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ. त्यात डबी लपवणाऱ्याला दोन आकडे द्यावे लागतात. पहिला काठिण्याचा, म्हणजे डबी शोधणे, तिचे कोडे सोडवणे आणि ती उघडणे किती अवघड आहे याचा. दुसरा भूभागाचा, म्हणजे तिथपर्यंत पोहोचणे किती कष्टाचे आहे याचा. दोन्ही आकडे 1 ते 5 असे अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने जातात, त्यामुळे प्रत्येकी 9 पायऱ्या आणि एकूण 81 जोड्या होतात. डबी साधी असेल तर हे आकडे ठरवायला पाच मिनिटे पुरतात. दोर, होडी, चुंबक किंवा यूव्ही (अतिनील) टॉर्च यांपैकी काही लागणार असेल, तर मात्र बहुतेकांचा हिशेब चुकतो आणि त्या चुकीचा भुर्दंड उन्हातान्हात आलेल्या शोधकाला पडतो.

म्हणून सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा : साधन नेमके कशासाठी लागते, डबीपर्यंत पोहोचण्यासाठी की पोहोचल्यावर ती सापडण्यासाठी आणि उघडण्यासाठी? पोहोचण्यासाठी लागत असेल तर त्याचा भार भूभागावर टाकावा, सापडण्या-उघडण्यासाठी लागत असेल तर काठिण्यावर. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या जलाशयातल्या एखाद्या टेकाडावर, रीतसर परवानगी घेऊन, झाडाच्या बुंध्याशी मोठा डबा ठेवला आहे असे समजा. होडीशिवाय तिथे जाता येत नाही, म्हणून भूभाग 5. पण होडीतून उतरल्यावर डबा समोरच दिसतो, म्हणून काठिण्य 1 किंवा फार तर 1.5. ‘इतकी खटपट करून गेल्यावर काठिण्य 1 कसे?’ असे वाटून अनेक जण दोन्ही आकडे वर चढवतात. ते टाळावे, कारण खटपटीची नोंद भूभागात आधीच झालेली असते.

उलट बाजूनेही तपासून पाहावे. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चढताना छातीत धडधडते, पण खोबणीत हात घालून लोक दोराशिवाय वर जातात. अशी चढण 4 किंवा 4.5 ची समजावी. भूभागाचा 5 हा आकडा दोर, होडी, पाणबुड्याची साधने अशा विशेष साहित्याशिवाय जिथे पोहोचताच येत नाही, त्या जागांसाठी आहे. भीती किती वाटते हे त्याचे माप नाही. (हरिहरचे नाव इथे फक्त चढणीचा अंदाज यावा म्हणून घेतले. किल्ल्यांवर किंवा पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकांत डबी लपवू नये.)

शिडीचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे. आठ फूट उंचीवरच्या डबीसाठी उंच माणसाला शिडी लागत नाही, मित्राच्या खांद्यावर चढणाऱ्यालाही लागत नाही. माझ्या मते, साधनाला पर्याय असेल तर ते विशेष साधन मानू नये. अशा जागेला 3.5 किंवा 4 द्यावा आणि ‘शिडी असल्यास सोपे जाईल’ असे डबीच्या संकेतस्थळावरील वर्णनात स्पष्ट लिहावे.

काठिण्याकडे वळल्यावर विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. काठिण्य 5 च्या व्याख्येत विशेष ज्ञान, कौशल्य किंवा साधन यांचा उल्लेख येतो, त्यामुळे साधन लागले की थेट 5 द्यायचा अशी सवय पडते. पण दोरीला बांधलेले चुंबक हे साधन आहे आणि मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब किंवा रोध मोजायचे यंत्र, हेही साधन आहे. दोन्हींना एकच आकडा देणे योग्य नाही. चुंबक, टॉर्च, पाना किंवा 9 व्होल्टची बॅटरी नाशिकच्या रविवार कारंजाच्या बाजारात थोडे फिरल्यास मिळू शकते आणि ती वापरायला शिकावे लागत नाही. साधन असे सहज मिळणारे असेल आणि ते लागणार हे वर्णनात उघड सांगितलेले असेल, तर मूळ शोध जितका अवघड असेल तितकाच आकडा द्यावा. फार तर त्यात अर्धा मिळवावा. साधन कोणते हे शोधकाने जागेवर ओळखायचे असेल, तर एकदा परत जाऊन पुन्हा यावे लागणार हे गृहीत धरून 3 ते 4 द्यावे. साधन वापरण्यासाठी खरे कौशल्य लागत असेल, उदाहरणार्थ तारांच्या जोड्यांमधला रोध मोजून त्या आकड्यांवरून कुलपाचा क्रमांक काढायचा असेल, तर 4.5 किंवा 5 शोभतो.

आकडा ठरवण्यापूर्वी साधनाचे मोजमाप स्वतः करावे. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. एका द्राक्षबागेच्या बांधावर, मालकाच्या परवानगीने, मी लोखंडी खांबाला एक उभा पीव्हीसी पाइप बांधला आणि त्यात तरंगणारी डबी सोडली. पाइपमध्ये पाणी ओतले की डबी वर येते. वर्णनात ‘पाण्याची बाटली सोबत ठेवा’ असे लिहून मी काठिण्य 2 दिले. पाइपचा आतला व्यास 4 सेंटिमीटर आणि खोली 1 मीटर होती, म्हणजे तो काठोकाठ भरायला साधारण सव्वा लिटर पाणी लागते. एक लिटरच्या भरलेल्या बाटलीने पाणी सुमारे 80 सेंटिमीटरपर्यंत चढते. उरलेल्या 20 सेंटिमीटरवर डबी डोळ्यांना दिसते, पण 4 सेंटिमीटरच्या तोंडातून हात आत जात नाही. नाशिकरोडहून मे महिन्यात आलेल्या दोघांनी वाटेत अर्धी बाटली पिऊन टाकली होती. उरलेले पाणी त्यांनी पाइपमध्ये ओतले आणि तसेच तहानलेले परत गेले. त्यांची नोंद वाचून मला फार वाईट वाटले. त्यानंतर मी वर्णनात ‘दीड लिटर पाणी, पिण्याच्या पाण्याखेरीज’ असे लिहिले. काठिण्याचा आकडा 2 च ठेवला, कारण चूक आकड्यात नव्हतीच, माहितीत होती.

यूव्ही टॉर्चचे उदाहरण नाशिककरांना लवकर पटेल. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, आणि नोटेवरचा क्रमांक जांभळ्या दिव्याखाली चमकतो हे इथल्या दुकानदाराला सांगावे लागत नाही. त्याच तत्त्वावर भिंतीवर किंवा फळीवर अदृश्य शाईने क्रमांक लिहून ठेवता येतो. मात्र लहान यूव्ही टॉर्चचा प्रकाश भर उन्हात काहीच दाखवत नाही, त्यामुळे शोधक संध्याकाळनंतर येणार हे ओघाने आलेच. मग भूभागाचा आकडाही अंधारातल्या वाटेचा द्यावा लागतो. दिवसा 1.5 वाटणारा बांध रात्री 2.5 चा होतो आणि वाट उसाच्या शेताला लागून असेल तर बिबट्याचाही विचार करावा लागतो. अशी जागा मी रात्रीसाठी निवडणारच नाही. क्रमांक लिहिलेली फळी सावलीच्या खोक्यात ठेवून तो दिवसा वाचता येईल अशी सोय करावी.

ऋतूचा परिणाम साधनांच्या बाबतीत विशेष जाणवतो. सप्टेंबरमध्ये ज्या टेकाडाला होडी लागते, तिथे पाणी ओसरल्यावर मे महिन्यात कदाचित चिखलातून चालत जाता येईल. आकडा एकच द्यायचा असल्यामुळे वर्षातले अधिक महिने जी स्थिती असते तिचा द्यावा आणि उरलेल्या महिन्यांत काय बदलते ते वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत लिहावे. गोदाघाटाच्या आसपास डबी असेल, तर पुराच्या दिवसांसाठी कोणताही आकडा योग्य ठरत नाही. घाटावरच्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले असेल तेव्हा ती डबी तात्पुरती बंदच ठेवावी.

दोराच्या डब्यांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) आणि दोर विकत मिळतात, पण रॅपलिंगचे, म्हणजे दोराने कडा उतरण्याचे, शिक्षण विकत घेऊन पिशवीत टाकता येत नाही. भूभाग 5 एवढे लिहून थांबल्यास उत्साही नवशिक्या दोर घेऊन कड्यावर उभा राहण्याचा धोका असतो. कड्याची उंची, दोराची लांबी, दोर कुठे अडकवायचा आणि सोबत किती अनुभवी माणसे हवीत, हे चारही मुद्दे वर्णनात असलेच पाहिजेत.

कुदळ किंवा खुरपे हे मात्र विशेष साधन मानू नये. 3 मे 2000 रोजी अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये लपवलेली पहिली बादली अर्धवट पुरलेली होती हे खरे. आज मात्र डबी लपवण्यासाठी किंवा शोधण्यासाठी जमीन खणणे सहसा नियमात बसत नाही.

आकडे ठरले की डबीच्या वर्णनासोबत लावायच्या चिन्हांकडे लक्ष द्यावे. विशेष साधन, होडी, गिर्यारोहणाचे साहित्य, यूव्ही दिवा, टॉर्च यांसाठी वेगवेगळी चिन्हे आहेत आणि शोधक घरी बसून त्यांवरूनच यादी गाळतो. आकडा अर्ध्याने चुकला तर फारसे बिघडत नाही. चिन्ह राहून गेले तर माणूस रिकाम्या हाताने डबीसमोर उभा राहतो. साधन गुप्त ठेवणे हाच कोड्याचा गाभा असेल, तरीही ‘विशेष साधन’ हे चिन्ह लावावे आणि नाव तेवढे झाकून ठेवावे.

शेवटी, डबी जाहीर करण्यापूर्वी ज्याला युक्ती ठाऊक नाही अशा एखाद्या ओळखीच्या माणसाला वर्णन वाचायला द्यावे आणि त्याला पिशवी भरू द्यावी. तो पाइपसाठी किती पाणी घेतो, कोणती टॉर्च उचलतो, दोर किती लांबीचा धरतो, हे काही न बोलता पाहावे. मग त्याच्यासोबत जागेवर जावे आणि त्याला लागलेला वेळ मोजावा. हे आधीच करावे, कारण पुष्कळ शोधक काठिण्य-भूभागाच्या 81 जोड्यांपैकी प्रत्येकीची एक तरी डबी शोधून तक्ता पूर्ण करण्याच्या मागे असतात आणि तुम्ही वर्षभराने आकडा बदललात, तर त्यांच्या तक्त्यातला भरलेला रकाना रिकामा होऊ शकतो.